पांढरीतला ठेवा

मराठी खेड्यातील माणूस आपल्या भूमीचे दोन भाग पाडतो : एक काळी आणि दुसरी पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. ही पांढरी काही निसर्गाने केलेली नव्हे. एकाच जागी शेकडो वर्षे घरे उभी राहिली, पडली आणि त्याच ढिगावर पुन्हा उभी राहिली. चुलीतील राख, भिंतींची माती, सारवणाचे पोपडे, फुटकी गाडगी-मडकी ही सर्व एकमेकांत मिसळून जी फिकट, भुसभुशीत माती तयार झाली, तिला लोकांनी हे नाव दिले. माळवदावर घालण्यास ती फार उपयोगी. म्हणून मराठवाड्यात घर शाकारावयाचे झाले की जुन्या पांढरीच्या टेकाडावर कुदळ चालविण्याचा परिपाठ पडला. कुदळीच्या तोंडी कधी मणी येई, कधी एखादे नाणे, कधी मातीचे मस्तक. मणी पोराच्या गळ्यात जाई, नाणे सोनाराच्या मुशीत आणि मस्तक उकिरड्यावर. अशा रीतीने किती गावांनी आपला इतिहास आपल्याच घरांच्या छपरांवर पसरून टाकला असेल, याची गणती करणे शक्य नाही.

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे अशाच पांढरीचे गाव आहे. तेरणेच्या काठी वसलेल्या या गावाची ओळख सामान्य महाराष्ट्रीय माणसाला आहे ती संत गोरा कुंभारांच्या नावाने. गोरोबाकाकांचे गाव म्हणून वारकरी तेथे जातात. परंतु गोरोबांच्या पूर्वी हजार-बाराशे वर्षे या जागी एक मोठी बाजारपेठ नांदत होती, आणि तिचे नाव सातासमुद्रांपलीकडील व्यापाऱ्यांच्या तोंडी होते. ते नाव म्हणजे तगर.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेले एक प्रवासवर्णन उपलब्ध आहे. ‘पेरिप्लस’ या नावाने ते ओळखले जाते. तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतची बंदरे, तेथे चालणारा माल आणि तेथील धोके यांची माहिती व्यापाऱ्यांना व्हावी, हा त्याचा हेतू. भडोच बंदराचे वर्णन करताना हा लेखक सांगतो की, तेथून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणाहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे नगर आहे. पैठणाहून तांबडा अकीक येतो. तगराहून साधे कापड, नाना तऱ्हेची मलमल आणि इतर माल येतो, आणि हा सर्व माल रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला उतरतो. लेखकाचे नाव आज कोणास ठाऊक नाही. पण दख्खनच्या बैलगाड्यांची नोंद त्याने करून ठेवली आहे.

हे तगर कोठे असावे, याविषयी विद्वानांमध्ये दीर्घकाळ एकवाक्यता नव्हती. कोणी देवगिरीकडे बोट दाखविले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारख्या चिकित्सक पंडितानेही धारूरचा संभव सुचविला होता. अखेर सन १९०१ मध्ये फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर, असे प्रतिपादन केले. पैठणापासून तेर सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. लादलेल्या गाड्यांना ही वाट दहा दिवसांची, हे कोणाही गाडीवानास पटेल. दिशा मात्र निव्वळ पूर्व नसून आग्नेय आहे. पण ऐकीव माहितीवर लिहिणाऱ्या परदेशीयाकडून एवढा फरक होणे स्वाभाविक आहे. शिवाय प्राकृतात शब्दाच्या मधला ‘ग’ गळून जातो, हे भाषाशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहेच. तगराचे तयर आणि तयराचे तेर होण्यास काहीच आडकाठी नाही. पुढे कोकणावर राज्य करणारे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःस ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत, हेही या नगराच्या जुन्या वैभवाचेच द्योतक होय.

परंतु ग्रंथातील नाव आणि शब्दांची व्युत्पत्ती यांवरून नगर डोळ्यांसमोर उभे राहात नाही. त्यासाठी वस्तू लागतात. आणि तेरच्या वस्तू जपण्याचे श्रेय प्रथम कोणाला द्यावयाचे असेल, तर ते एखाद्या विद्यापीठाला किंवा सरकारी खात्याला नव्हे. त्या गावातीलच एका व्यापारी गृहस्थाला दिले पाहिजे. रामलिंगप्पा लामतुरे हे त्यांचे नाव. पुराणवस्तुशास्त्र हा त्यांचा व्यवसाय नव्हता. गावाच्या टेकाडांवर पडलेली, पावसाने उघडी पडलेली, लोकांच्या घरांत विखुरलेली वस्तू वाया जाऊ नये, एवढीच त्यांची तळमळ होती. त्यांनी आणि त्यांच्या कुटुंबीयांनी वर्षानुवर्षे हा संग्रह वाढविला आणि जपला. पुढे तो शासनाच्या स्वाधीन करण्यात आला. आज तेर येथे त्यांच्याच नावाने राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय असून त्यात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत.

त्या संग्रहात काय आहे? सातवाहन काळातील नाणी आहेत. अकीक, स्फटिक, काच आणि शंख यांचे मणी आहेत. शंखाच्या बांगड्या, हस्तिदंती फण्या आणि सोंगट्या आहेत. पांढऱ्या बारीक मातीच्या, साच्यातून काढलेल्या स्त्रीपुरुषांच्या मूर्ती आहेत. त्यांची केशभूषा आणि अलंकार इतके रेखीव आहेत की दोन हजार वर्षांपूर्वीच्या दख्खनी शहरातील स्त्री वेणी कशी घालीत होती, हे त्यांवरून सांगता यावे. रोमन धर्तीवर घडविलेल्या मातीच्या पणत्याही आहेत. ‘पेरिप्लस’मधील दोन ओळी वाचून जे कळत नाही, ते या पणतीकडे पाहताच कळते : समुद्रापलीकडील रीत तेरच्या कुंभाराच्या चाकापर्यंत येऊन पोहोचली होती.

अशा खाजगी संग्रहाचे शास्त्रदृष्ट्या मोल किती, हा प्रश्न येथे सहजच उद्भवतो. त्याचे उत्तर देण्यापूर्वी हौशी संग्राहकांच्या दुसऱ्या एका परंपरेकडे दृष्टी टाकणे उपयुक्त ठरेल. ती म्हणजे अश्मीभूत अवशेषांच्या, अर्थात जीवाश्मांच्या संग्राहकांची. पुराणवस्तू माणसाने केलेली असते. जीवाश्म हा प्राण्याचा किंवा वनस्पतीचा दगड झालेला अवशेष असतो. एकाचे वय शतकांत मोजतात, दुसऱ्याचे पुष्कळदा कोट्यवधी वर्षांत. पण दोहोंना एकच नियम लागू पडतो : वस्तू कोठे व कोणत्या थरात सापडली हे ठाऊक असेल तरच ती बोलते.

तेरच्या पायाखालचा काळा खडक हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पसरलेल्या लाव्ह्याचा आहे. तप्त रसात जीव टिकत नाही, म्हणून त्या खडकात जीवाश्म शोधणे व्यर्थ. मात्र लाव्ह्याच्या दोन उद्रेकांमध्ये मोठा काळ गेला, तेथे तळी साचली आणि त्यांच्या गाळात शिंपले, फळे, पाने गाडली गेली. नागपूरजवळील टाकळीचे असे थर प्रसिद्ध आहेत. तसेच त्या मानाने अगदी अलीकडच्या, नद्यांनी आणलेल्या वाळू-गोट्यांच्या थरांत मोठ्या जनावरांची हाडे मिळतात. गोदावरीच्या अशाच गाळात नांदूर मधमेश्वर परिसरात मिळालेल्या एका नामशेष हत्तीची माहिती पिल्ग्रिम यांनी १९०५ साली प्रसिद्ध केली.

नागपूरकडील जीवाश्मांचा पहिला मोठा संग्राहक हाही हौशीच होता. स्टीफन हिस्लॉप हा धर्मोपदेशक १८४५ च्या सुमारास नागपुरास आला. शाळा चालविणे हे त्याचे काम. दगड गोळा करणे हा त्याचा छंद. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्यासह तो सारा मुलूख पायाखाली घाली आणि सापडलेली प्रत्येक गोष्ट स्थळासह टिपून ठेवी. त्याने आणखी एक गोष्ट केली, आणि तीच महत्त्वाची. त्याने आपला संग्रह कपाटात कोंडून ठेवला नाही. चंद्रपूर भागातील मांगली येथे मिळालेली एक कवटी विलायतेस गेली. ‘डायनोसॉर’ हा शब्द १८४२ साली ज्यांनी रूढ केला, त्या रिचर्ड ओवेन यांनी तिची परीक्षा केली आणि १८५५ साली ती एका प्राचीन उभयचर प्राण्याची असल्याचे प्रसिद्ध केले. वरोऱ्याजवळील पिसदुरा येथील प्रचंड हाडेही हिस्लॉपनेच प्रथम उजेडात आणली. १८६३ साली टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात त्याचा अंत झाला. परंतु त्याने पाठविलेले नमुने आणि त्यांची नोंद मागे उरली, म्हणून त्याचे काम त्याच्याबरोबर बुडाले नाही.

आता तेरकडे वळून मूळ प्रश्नाचे उत्तर शोधता येईल. त्यासाठी तीन हस्तिदंती पुतळ्यांची हकीकत पुरेशी आहे.

पहिली पुतळी सापडली ती इटलीत. व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली इसवी सन ७९ मध्ये पाँपेई शहर गाडले गेले. त्या शहराचे उत्खनन चालू असता १९३८ साली एका घरात हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ती मिळाली. गळ्यात, कमरेत, हातापायांत भरगच्च अलंकार, दोन्ही बाजूंस दासी आणि तळाशी खरोष्ठी लिपीतील एक अक्षर. मूर्ती हिंदुस्थानी आहे, याविषयी शंका उरली नाही. आणि ती राखेखाली सापडल्यामुळे इसवी सन ७९ पूर्वीची आहे, हेही निर्विवाद ठरले. पण हिंदुस्थानात ती कोठे घडली? कोणी मथुरेचे नाव घेतले, कोणी आणखी कोठले.

दुसरी पुतळी तेरची. ती लामतुऱ्यांच्या संग्रहातील असून पाँपेईच्या मूर्तीची जणू धाकटी बहीण शोभावी अशी आहे. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाचे डॉ. मोतीचंद्र यांनी १९६० साली तिच्यावर निबंध लिहिला. त्याच वर्षी ब्रिटिश म्यूझियमचे डग्लस बॅरेट यांचे तेरच्या वस्तूंवरील छोटेखानी पुस्तक मुंबईत प्रसिद्ध झाले. गावातील एका घरात जपलेली वस्तू अशा रीतीने जगाच्या चर्चेत आली. पाँपेईच्या मूर्तीचे माहेर दख्खनमध्ये असू शकेल, हा विचार या पुतळीमुळे बळावला.

तिसरी पुतळी जालना जिल्ह्यातील भोकरदनची. उज्जयिनीहून पैठणास येणाऱ्या जुन्या मार्गावरील हे गाव. तेथे १९७३ च्या सुमारास झालेल्या शास्त्रशुद्ध उत्खननात याच घराण्यातील हस्तिदंती मूर्तीचा भाग मिळाला. तो कोणत्या थरात, कोणत्या खापरांच्या व नाण्यांच्या संगतीत होता, हे सर्व खोदणाऱ्यांच्या वहीत लिहिलेले आहे.

या तिघींची तुलना केली असता एक गोष्ट स्पष्ट होते. पाँपेईच्या पुतळीची तारीख राखेने दिली. भोकरदनच्या पुतळीची तारीख थराने दिली. तेरच्या पुतळीला मात्र स्वतःची तारीख नाही. तिचा काळ ठरतो तो बहिणींच्या तोंडवळ्यावरून. ती एखाद्या श्रीमंताच्या घरात होती की कारागिराच्या कोढीत, हे तिला सांगता येत नाही. तिच्या शेजारी अर्धवट कोरलेले हस्तिदंताचे तुकडे पडलेले होते असे जर कोणी लिहून ठेवले असते, तर पाँपेईपर्यंत गेलेल्या मालाचा कारखाना तेरलाच होता, असे छातीठोकपणे म्हणता आले असते.

थराचे एवढे महत्त्व का, हे ज्याने धान्याचे पेव पाहिले आहे त्याला समजावण्याची गरज नाही. पेवात आधी भरलेले धान्य तळाशी आणि मागाहून भरलेले वर राहते. पांढरीचेही तसेच. खालचा थर जुना, वरचा नवा. एकाच थरात सापडलेले नाणे, खापर आणि मणी हे एकमेकांचे समकालीन असण्याचा संभव अधिक, आणि त्यांपैकी नाण्याचा काळ कळला की इतरांचाही अंदाज बांधता येतो. अर्थात यात फसगतही होते. नंतरच्या लोकांनी जुन्या थरात पेवे खणलेली असतात, उंदीर-घुशींनी बिळे पाडलेली असतात, आणि वरची वस्तू खाली घरंगळलेली असते. म्हणूनच खोदणारा मातीचा रंग आणि घट्टपणा डोळ्यांत तेल घालून पाहतो. वस्तू उचलली की हा सारा पुरावा नाहीसा होतो, आणि एकदा मोडलेला थर पुन्हा रचता येत नाही.

मग लामतुऱ्यांनी वस्तू उचलल्या हे चुकले काय? असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांनी पांढरी खणून शास्त्राचा पुरावा मोडला नाही. पाऊस, नांगर आणि माळवदाची कुदळ यांनी जे आधीच मोडले होते, त्यातून उरलेले त्यांनी वाचविले. त्यांच्यासमोर ‘संग्रह की उत्खनन’ असा पर्याय नव्हता. पर्याय होता तो ‘संग्रह की सोनाराची मूस’ असा. शिवाय ‘ही वस्तू तेरची आहे’ एवढी नोंद तरी त्यांच्यामुळे निश्चित राहिली. हीच पुतळी मुंबईच्या किंवा लंडनच्या एखाद्या विक्रेत्याकडे निनावी पोहोचली असती, तर तिचे गावही हरवले असते. संग्रह गावातच राहिला आणि पाहू इच्छिणाऱ्याला पाहावयास मिळाला, या दोन गोष्टींनी त्याची उणीव पुष्कळ अंशी भरून काढली.

एवढेच नव्हे, तर अशा संग्रहामुळेच शास्त्रज्ञांचे पाय गावाकडे वळतात. तेर येथे १९५८ साली चापेकर यांनी उत्खनन केले आणि त्याचा वृत्तांत १९६९ साली पुण्याहून प्रसिद्ध झाला. त्यानंतरही तेथे उत्खनने झाली. थरांतून निघालेल्या खापरांशी आणि मण्यांशी ताडून पाहता संग्रहातील मुक्या वस्तूंचा काळ ठरविणे शक्य होते. संग्राहक आणि उत्खनक हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी नव्हेत. एक वस्तू वाचवितो, दुसरा तिला वाचा देतो. पण येथेही तोच नियम आहे : उत्खनन होऊन वृत्तांत छापला गेला नाही, तर तेही उद्ध्वस्त पांढरीइतकेच मुके राहते.

या विवेचनातून शहरातील सुशिक्षित कुटुंबांनी काय घ्यावे? सुटीत गावी जाणारे, नदीकाठी फिरणारे, शेतात विहीर खोदविणारे असे पुष्कळजण श्रोतृवर्गात असतील. त्यांच्या हाती कधी एखादा मणी किंवा दगड झालेले हाड येण्याचा संभव आहे. अशा वेळी पहिला नियम हा की, जे जमिनीत घट्ट रुतलेले आहे ते उपटू नये. विशेषतः जुनी हाडे वरून दगडासारखी दिसली तरी आत भुसभुशीत असतात आणि ओढताच त्यांचा चुरा होतो. जागेचे छायाचित्र किंवा कच्चा नकाशा काढावा. नदीचा काठ, वाट, विहीर अशा कायमच्या खुणेपासून अंतर मोजून लिहावे. किती खोलीवर, कसल्या मातीत, शेजारी काय होते आणि तारीख कोणती, ही पाच वाक्यांची चिठ्ठी वस्तूहून कमी मोलाची समजू नये.

दुसरा नियम असा की, सुटी वस्तू मिळाली तर ती घासूनपुसून चकचकीत करू नये. नाण्यावरील हिरवट पापुद्रा चिंचेने काढून टाकण्याचा मोह पुष्कळांना होतो. त्या पापुद्र्याबरोबर अक्षरेही जातात. वस्तूला क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक वहीत नोंदवावा. संग्राहकाच्या मागे त्याची स्मरणशक्ती उरत नाही, वही उरते.

तिसरा नियम कायद्याचा आहे. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यास देणे बंधनकारक आहे. १९७२ च्या पुराणवस्तूंविषयीच्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू देशाबाहेर नेण्यास खाजगी माणसाला बंदी केली असून त्यांच्या व्यापारास परवाना आवश्यक ठरविला आहे. आपल्या घरातील ठेव्यावर सरकारची नजर कशाला, असे काहींना वाटेल. परंतु विक्रेत्याला गिऱ्हाईक आहे तोवर पांढरी रात्री खणली जाईल, हे ध्यानात घेतले म्हणजे या बंधनांचे मर्म कळते. जो पैसे देऊन निनावी मूर्ती दिवाणखान्यात आणतो, तो एका मूर्तीबरोबर एका थराचा नाश विकत घेत असतो.

चौथा आणि शेवटचा नियम सर्वांत सोपा आणि सर्वांत दुर्मिळ आहे. जे मिळाले ते जाणत्याला दाखवावे. जवळच्या संग्रहालयात, महाविद्यालयातील इतिहासाच्या किंवा भूशास्त्राच्या प्राध्यापकाकडे, आपल्यासारख्याच दुसऱ्या छांदिष्टाकडे ती वस्तू न्यावी. पुष्कळदा उत्तर निराशाजनक मिळेल. हाड गेल्या दुष्काळातील बैलाचे निघेल, नाणे आजोबांच्या काळातील निघेल. त्यात कमीपणा नाही. दहा वस्तू दाखविल्यावर अकरावी ओळखण्याची नजर येते, आणि ती नजर एकाकी संग्राहकाला कधीच लाभत नाही. हिस्लॉपची कवटी त्याच्याच घरी राहिली असती तर ती एक विचित्र दगड ठरली असती. लामतुऱ्यांची पुतळी पेटीत राहिली असती तर ती एका घराची शोभा ठरली असती.

जपणे हे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे म्हणजे आपल्याला मिळालेले, त्याच्या गावाच्या नावासह आणि थराच्या नोंदीसह, इतरांच्या हवाली करणे. पुराणवस्तूच्या बाबतीत धनी कोण हा प्रश्न कायदा सोडवील. तिचा साक्षीदार होणे मात्र ज्याच्या हाती ती प्रथम आली त्याच्याकडेच राहते. तेरला जाणाऱ्याने गोरोबांच्या समाधीचे दर्शन घ्यावे आणि संग्रहालयातील त्या लहान पुतळीसमोरही घटकाभर उभे राहावे. तिच्या मुखावर जे सांगावयाचे राहून गेले आहे, ते पुढच्या कोणा पुतळीच्या बाबतीत राहून जाऊ नये, एवढे ज्याच्या मनात येईल त्याची ती फेरी सार्थकी लागली असे समजण्यास हरकत नाही.